टिंब चालणार नाही

बुधवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आंबेसांगवी तालुक्याच्या ऑनलाइन फॉर्ममधल्या दोन जावांचं एकमेकींशी बोलणं बंद झालं. अर्चना ढेंबरेने आपला फॉर्म पाठवला तो दहा बेचाळीसला. पाच मिनिटं आधी पाठवला असता तर काहीच अडलं नसतं. पण वाटेत सार्थकने एक चप्पल पायातून काढून टाकली होती आणि ती शोधायला तिला मागे जावं लागलं होतं.

हा फॉर्म जावामध्ये चालतो, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. फॉर्म भरायच्या केंद्राच्या भिंतीवर तसं छापूनच लावलेलं होतं. थोरली जाऊ पुढच्या खोलीत बसते, धाकटी मागच्या खोलीत. कुणी कुठूनही 'सादर करा' दाबलं की कागद थोरलीच्या दाराच्या फटीतून आत पडतो. थोरली एखादा रकाना रिकामा नाही ना एवढं बघते आणि कागद मधल्या दाराखालून आत सरकवते. धाकटी नियमांच्या वहीत बोट ठेवून बारकाईने तपासते. काही चुकलं असेल तर लाल चिठ्ठी लिहून परत पाठवते, आणि थोरली ती चिठ्ठी त्या त्या रकान्याखाली खळीने चिकटवते. दोघींनी कागद सोडला की नंबर मिळतो. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

अर्चनाचा फॉर्म कानाच्या तपासणीचा होता. सोमवारी तालुक्याला शिबिर होतं. बाहेरगावचे डॉक्टर मोठं मशीन घेऊन येणार होते आणि फक्त चाळीस मुलं बघणार होते. सार्थक सव्वातीन वर्षांचा झाला होता आणि त्याने अजून एकदाही 'आई' म्हटलं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, मुलगे उशिराच बोलतात, दत्तू चार वर्षांनी बोलला आणि आता गप्प बसत नाही. दत्तू म्हणजे अर्चनाचा नवरा. तो टेम्पोवर असायचा आणि फोनवर म्हणायचा, बघू. अर्चनाने मात्र गेल्या दोन महिन्यांत घरातली झाडून सगळी भांडी सार्थकच्या पाठीमागे आपटून बघितली होती. कधी तो वळायचा, कधी नाही. वळला की तिला वाटायचं, सावली दिसली म्हणून वळला. नाही वळला की वाटायचं, खेळात आहे म्हणून. तिला नक्की काहीच कळत नव्हतं आणि त्यामुळे तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

केंद्र चालवणारे खलीलभाई शांत माणूस होते. त्यांनी तिच्याकडून एकेक गोष्ट विचारून भरली. मुलाचं नाव : चि. सार्थक दत्तात्रय ढेंबरे. जन्मतारीख. पत्ता. मोबाइल नंबर. वर कोपऱ्यात लिहिलेलं होतं, 'नोंद झालेली मुले : ३१'. खलीलभाईंनी 'सादर करा' दाबलं. थोड्या वेळाने मोबाइल नंबरच्या खाली लाल ओळ आली : 'टिंब चालणार नाही.'

"नंबरात टिंब दिलं काय ताई?" खलीलभाईंनी विचारलं.

"नंबरात टिंब कसं असेल भाई? नंबर आहे तो."

"तेच म्हणतोय मी."

त्यांनी नंबर पुसून पुन्हा भरला. टिंब चालणार नाही. मग दत्तूचा नंबर भरला. टिंब चालणार नाही. मग शेजारच्या घुलेवहिनींचा भरला, त्यांना न विचारता. आता लाल ओळ मोबाइलखालून उठली आणि पत्त्याच्या खाली जाऊन बसली. त्यांनी पत्त्यातलं 'मु. पो.' काढलं. तेव्हा ती जन्मतारखेखाली गेली.

"जन्मतारखेला टिंबं दिलीत ना तुम्ही, ती काढा," अर्चना म्हणाली.

"काढली. रेघा दिल्यात."

"मग आता काय म्हणतंय?"

"तेच म्हणतंय."

"अहो, पण पोर जन्मलंय ना! तारखेलाच जन्मलंय!"

"मला मान्य आहे ताई," खलीलभाई म्हणाले. "मी कुठं नाही म्हणतोय?"

कोपऱ्यातला आकडा चौतीस झाला होता. खलीलभाईंनी चष्मा काढून पुसला. "हे जावांचं दिसतंय," ते म्हणाले. "चिठ्ठी धाकटी लिहिते, चिकटवते थोरली. काहीतरी झालंय दोघींच्यात. पोस्टाच्या मागं घर आहे त्यांचं, समक्ष जाऊन या. मी इथनं कितीबी दाबलं तरी उपयोग नाही."

पोस्टाच्या मागे सिमेंटच्या पत्र्याचं दोन खोल्यांचं घर होतं. अर्चना सार्थकला कडेवर घेऊन पुढच्या दाराशी गेली. थोरली जाऊ, म्हणजे सुमनकाकू, सतरंजीवर बसल्या होत्या. भोवती कागदांचा ढीग होता, मांडीजवळ खळीची वाटी होती. दाराच्या फटीतून कागद पडतच होते.

"ये गं, बस. केवढा गोड आहे गं! दृष्ट काढतेस का याची?" सुमनकाकू म्हणाल्या.

"काकू, माझ्या फॉर्मला आधी मोबाइलखाली टिंबाची चिठ्ठी लावलीत. नंबरात टिंब नाहीये."

सुमनकाकूंनी कागद हुडकला, लांब धरून वाचला. "नाहीये खरं."

"मग लावली कशाला?"

"आतून आली, लावली. कुठं लावायची ते ती सांगतच नाही. आधी कसं, चिठ्ठी सरकवली की आतनं म्हणायची, जाऊबाई, नावाखाली. जाऊबाई, पत्त्याखाली. आता तोंडाला कुलूप घातलंय बाईनं. मग मी जिथं जागा दिसेल तिथं लावते. मोबाइलखाली जागा मोकळी असते बघ."

"मग तिला विचारा ना!"

"मी?" सुमनकाकूंनी खळीत बुडवलेलं बोट वर धरलं. "मी काय म्हणून विचारू? मी थोरली आहे."

मग त्यांनी भांडणाची सगळी हकिगत सांगितली. धाकटी प्रत्येक चिठ्ठीवर आधी 'कृपया' लिहायची. कृपया योग्य नाव भरा, कृपया तारीख तपासा. रकान्याखाली जागा असते चार बोटं. तेवढ्यात सगळं मावत नाही. म्हणून सुमनकाकू कात्रीने 'कृपया' कापायच्या आणि उरलेलं चिकटवायच्या. आज सकाळी ते धाकटीला कळलं. ती म्हणाली, माझा कृपया कापणाऱ्या तुम्ही कोण, लोक मला उद्धट समजतात, तीन वर्षं मला लोकांच्या शिव्या बसतायत त्या तुमच्यामुळे. सुमनकाकू म्हणाल्या, एवढी सभ्यता कागदावर उतू चाललीय, तर सणासुदीला पुरणात हात घालताना कुठं जाते? मग धाकटीने तिकडून कडी लावली. सुमनकाकूंनी इकडून लावली.

"सूप भरून कृपया कापलेत मी," त्या म्हणाल्या आणि खरोखरच कोपऱ्यातलं सूप दाखवलं. "एक फेकला नाही. माझ्यावर आळ नको."

अर्चनाने घराला वळसा घातला आणि मागच्या दाराशी गेली. धाकटी, कुंदाताई, टेबलाशी ताठ बसली होती. पुढ्यात वही, लाल पेन, कान टोपीत झाकलेले. उन्हाळ्यात.

"कृपया बाहेर चपला काढा," कुंदाताई म्हणाली.

"ताई, माझ्या फॉर्ममध्ये टिंब कुठंय ते तेवढं सांगा."

"नावात. 'चि.' लिहिलंय तुम्ही. त्याच्यापुढं टिंब आहे. नियम सात : नावात टिंब चालणार नाही. 'चि' काढा, कागद पुन्हा टाका."

सार्थक सातव्या महिन्यात झाला होता. काचेच्या पेटीत होता तेव्हा डॉक्टर काही सांगत नव्हते, आणि त्याला नावही ठेवलेलं नव्हतं. रात्रपाळीच्या सिस्टरने त्याच्या पायाला पट्टी बांधली आणि तिच्यावर लिहिलं, 'चि. ढेंबरे'. चिरंजीव म्हणजे पुष्कळ जगणारा. तो जगला. त्या दिवसापासून अर्चनाने ते 'चि.' त्याच्या नावापासून सुटू दिलं नव्हतं. डोसाच्या कार्डावर, अंगणवाडीच्या वहीत, पाण्याच्या बाटलीवरसुद्धा. आपण होऊन ते खोडायचं, आणि ते दवाखान्याच्याच कागदावरून, हे तिच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

"ते नाही काढणार मी," ती म्हणाली. "पूर्ण लिहिते. चिरंजीव. मग टिंब नाही."

कुंदाताईने तिच्यासमोर कागदावर 'चिरंजीव' लिहिलं आणि पेनाने दाखवलं. "र वर काय आहे?"

"अनुस्वार."

"आम्ही शाळेत त्याला काय म्हणायचो?"

"टिंब," अर्चना म्हणाली.

"आणि तुमच्या आडनावात ढ वर?"

"अहो, आडनाव आहे ते! ढेंबरे! टिंब काढलं तर ढेबरे होईल. पोराला जन्मभर चिडवतील."

"वहीत लिहिलंय, टिंब चालणार नाही. कुठलं टिंब ते लिहिलेलं नाही. सकाळपासून पवार गेले, मोरे गेले, गायकवाड गेले, जाधव तर सगळे गेले. शिंदे अडकलेत. कांबळे अडकलेत. सावंत अडकलेत. मला कुणाशी वैर नाही."

"पण काल शिंद्यांचा फॉर्म गेला की! आमच्या गल्लीतल्या."

"काल जाऊबाई बोलत होत्या. टिंब दिसलं की मी विचारायची आणि त्या तिकडनं सांगायच्या, वरचं नव्हे गं, पुढचं. वहीत ते नाही. त्या तोंडीच सांगायच्या. आता त्या बोलत नाहीत, तर मी वहीनं चालते."

अर्चनाला वाटलं, एवढंच ना. ती पुन्हा घराला वळसा घालून पुढे आली. सुमनकाकूंना विचारलं. सुमनकाकू म्हणाल्या, "अगं, पुढचंच. वरच्या टिंबाचं काय करायचंय? आणि तुझं ते 'चि.' मी कडेला समासात वेगळं लिहून द्यायची, म्हणजे नावात पण येत नाही आणि जात पण नाही. सगळ्या आयांचं तसंच करायची मी." अर्चना धावत मागे गेली.

"त्या म्हणतात, वरचं नव्हे, पुढचं. आणि 'चि.' समासात घ्या."

"त्या म्हणतात हे तुम्ही म्हणता," कुंदाताई म्हणाली. "तुम्ही बाहेरच्या. बाहेरून आलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा मागच्या खोलीचा पहिला नियम आहे. मोठ्या अक्षरात आहे. बघा हवं तर."

वहीच्या पहिल्या पानावर तसं होतं, मोठ्या अक्षरात.

"मग त्यांच्याकडून लिहून आणू?"

"आणा. लिहून आणलेला कागद पुढच्या दारातून टाकायचा. तो तपासला जाईल."

"कोण तपासणार?"

"मीच. टिंब असेल तर परत जाईल."

अर्चनाने पुढे जाऊन लिहून घेतलं. सुमनकाकूंनी बिचाऱ्यांनी लिहिलं, 'वरचं टिंब नव्हे, पुढचं टिंब.' कागद दाराखालून गेला आणि लगेच लाल चिठ्ठी लागून परत आला. 'टिंब' या शब्दावरच टिंब होतं.

अर्चना मटकन सतरंजीवर बसली. सार्थक कडेवरून उतरला आणि खाली पडलेल्या लाल चिठ्ठ्या एकापुढे एक मांडायला लागला. पदराच्या टोकाला बांधलेला मोबाइल तिने सोडून बघितला. खलीलभाईंचा निरोप होता : ३७ झाली. लवकर करा.

"काकू, दार उघडा," ती म्हणाली.

"तिला सांग आधी उघडायला. कडी दोन्हीकडनं आहे. मी एकटीनं उघडून काय होतंय?"

अर्चना मधल्या दाराला तोंड लावून ओरडली, "ताई, कडी काढा!"

"त्यांनी आधी काढावी," आतून आवाज आला. "कात्री त्यांच्या हातात होती."

"ऐकलंस?" सुमनकाकू अर्चनाला म्हणाल्या. "जीभ बघ."

"मी इथंच आहे, मला ऐकू येतंय," आतून आवाज आला. "तुम्ही यांना सांगा, मला सगळं ऐकू येतंय."

आणि इथे अर्चनाचं डोकं फिरलं. ती भांडखोर नव्हती. सासूबाईंना तिने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, रेशनच्या रांगेत कुणी पुढे घुसलं तरी ती नुसतीच दुसरीकडे बघायची. पण सकाळपासून तीन मोबाइल नंबर झाले होते, घराला चार वळसे झाले होते आणि पाय पोळले होते. ती उठून उभी राहिली.

"ऐकू येतंय ना?" ती म्हणाली. "दोघींना येतंय ना? मग नीट ऐका! माझं पोर सव्वातीन वर्षांचं झालंय. मी घसा सुकेपर्यंत हाका मारते आणि ते बघत नाही. त्याला ऐकू येतं का नाही, एवढंच मला कळून घ्यायचंय. त्यासाठी चाळिसातला एक नंबर हवाय. आणि तुम्हाला ह्या दारातनं एकमेकींचा श्वाससुद्धा ऐकू येतोय, तरी तुम्ही बहिऱ्या होऊन बसलाय! देवानं धडधाकट कान दिलेत ते काय नुसते डूल अडकवायला?"

सुमनकाकूंचा हात आपोआप कानातल्या कुडीकडे गेला. फटीतून पडणारे कागद तेवढे पडत राहिले.

मग आतल्या बाजूची कडी खाली पडल्याचा आवाज आला. सुमनकाकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पुटपुटल्या, "लहान आहे, तिनं काढली म्हणून," आणि आपल्या बाजूची कडी काढली. दार सकाळपासून दोन्हीकडून आवळलेलं होतं, ते सुटलं आणि धाडकन जाऊन पत्र्याच्या पेटीवर आपटलं. पेटीवरची पितळी परात खाली पडली आणि गोल गोल फिरत राहिली. पोस्टाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. झाडावरचे कावळे उडाले.

सार्थक दाराकडे पाठ करून बसला होता. त्याने एक लाल चिठ्ठी उचलली, दुसरीच्या कडेला नीट जुळवून ठेवली आणि तिसरी घ्यायला हात पुढे केला.

परात थांबली. कुंदाताईने टोपी काढली. सुमनकाकूंनी त्याच्या मागे वाकून एक टाळी वाजवली. मग एक जोरात वाजवली. त्याने चौथी चिठ्ठी घेतली.

अर्चना त्याच्याजवळ जाऊन बसली.

"जाऊबाई," कुंदाताई म्हणाली, "तो कागद द्या."

"वरचं नव्हे गं," सुमनकाकू म्हणाल्या. "पुढचं."

"मग सकाळीच सांगायचं."

"मग सकाळीच विचारायचं."

एवढंच बोलणं झालं. सुमनकाकूंनी नावातलं 'चि.' उचलून समासात बारीक अक्षरात लिहिलं आणि कागद आत दिला, दाराखालून नव्हे, हातात. कुंदाताईने नाव बघितलं, पत्ता बघितला, जन्मतारीख बघितली. मग तिचं बोट मोबाइल नंबरवर थांबलं.

"हा नंबर कुणाचा?"

"घुलेवहिनींचा," अर्चना म्हणाली.

"तुमचा भरा. डॉक्टर फोन करतील तो घुल्यांकडे जाईल."

अर्चनाने आपला नंबर सांगितला. कुंदाताईने हिरवी चिठ्ठी घेतली आणि लिहिलं : 'कृपया सोमवारी सकाळी नऊ वाजता बाळाला घेऊन हजर राहावे. नंबर ३९.' सुमनकाकूंनी चिठ्ठी रकान्यावर धरून बघितली. चार बोटं जागेत ती मावत नव्हती. त्यांनी कात्री उचलली, धाकटीकडे बघितलं, कात्री खाली ठेवली आणि कागदालाच खालून दुसरा कागद जोडला. जोड चांगला दाबून बसवला आणि वाळेपर्यंत त्यावर फुंकर मारत राहिल्या.

"मशीन चांगलं असतं हल्ली," त्या अर्चनाकडे न बघता म्हणाल्या. "आमच्या चुलतभावाच्या नातीला बसवलंय कानामागं. शाळेत जाते. फार बोलते, डोकं उठवते."

"रिकाम्या पोटी नेऊ नका," कुंदाताई म्हणाली. "खाऊ घालून न्या. पोर झोपलं तर तपासणी बरी होते म्हणतात."

अर्चनाने हिरवी चिठ्ठी ब्लाउजमध्ये ठेवली, पुन्हा काढून वाचली आणि पुन्हा ठेवली. सार्थकला उचललं. त्याने एक लाल चिठ्ठी मुठीत धरून ठेवली होती, ती कुणी मागितली नाही. ती उंबऱ्यावर पोचली तेव्हा घराबाहेर बरीच माणसं जमली होती. त्यात शिंदे होते, कांबळे होते, दोन सावंत होते, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइलखाली चिठ्ठी लागलेला कागद होता.

"अहो ढेंबरे," कुंदाताईने आतून हाक मारली. अर्चना वळली.

"बाहेर तेवढं सांगाल का? आता दोन वाजतायत. दोन ते तीन फॉर्म बंद राहील. सकाळपासून आमचं दोघींचं जेवण व्हायचंय."

"वांगं केलंय मी," सुमनकाकू म्हणाल्या. "हिच्याकडं नुसता भात आहे."

अर्चना पायरीवर उभी राहिली. पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांसमोर मोठ्याने बोलली.

"दोन ते तीन फॉर्म बंद आहे हो! जावा जेवायला बसल्यात. तीननंतर सगळ्यांचं घेणार आहेत. मागं उभ्या असलेल्यांनाही सांगा."